सांडव्यावरच्या फळ्या आणि इतर प्रश्न

मागच्या अंकात लहान तलावांच्या मातीच्या बांधांवर मी जेमतेम दोन परिच्छेद लिहिले होते. त्यावर आलेली पत्रं मोठ्या धरणांवरच्या लेखांना कधीच येत नाहीत इतकी आली. मोठ्या धरणाकडे माणूस लांबून बघतो, लहान तलावात तो उतरतो, हे त्याचं कारण असावं. नोकरीची ३१ वर्षं मी मातीच्या धरणांवर काढली. त्यातली बहुतेक इतकी लहान होती की नकाशावर ती निळ्या ठिपक्याएवढीच दिसत. पाच पत्रं निवडली आहेत. सगळ्यांना सारखी जागा देणार नाही, कारण सगळ्यांचा धोका सारखा नाही.

प्रश्न: आमच्या तलावाचा बांध असेल आठ मीटर उंच. आम्ही काही रहिवाशांनी मिळून दोन होड्या घेतल्या. पाणी थोडं उतरलं की होड्या चिखलात बसतात, म्हणून सांडव्याच्या उंबऱ्यावर फूटभर उंचीच्या फळ्या बसवल्या. सोडलेले मासे वाहून जाऊ नयेत म्हणून पुढे जाळीही लावली. दोन वर्षांत काही झालेलं नाही. एक शेजारी मात्र सतत हरकत घेतो. त्याच्या म्हणण्यात कितपत तथ्य आहे?

पूर्ण तथ्य आहे. जाळी आज काढा, फळ्याही आजच काढा आणि मग पुढचं उत्तर वाचा.

मातीचा बांध पुष्कळ काही सोसतो. उन्हाने तडकतो, पावसाने भिजतो, गुरं चढतात, तरी उभा राहतो. एकच गोष्ट त्याला सोसत नाही, ती म्हणजे माथ्यावरून वाहणारं पाणी. दगडी किंवा काँक्रीटच्या भिंतीवरून काही तास पाणी गेलं तर ती बहुधा टिकून राहील. मातीच्या बांधाचा मागचा, म्हणजे तलावाच्या उलट बाजूचा, उतार मात्र तेच पाणी खरवडत नेतं, आधी पन्हळ पडते, मग खिंडार. ते पाणी माथ्यापर्यंत पोचूच नये म्हणून बाजूला सांडवा ठेवलेला असतो. तुमच्या दृष्टीने ती मासे पळून जाण्याची वाट असेल, बांधाच्या दृष्टीने ती श्वास घेण्याची जागा आहे.

आता फूटभर फळीचा हिशेब करू. सांडव्यावरून किती पाणी जाईल याचं ढोबळ सूत्र असं: सांडव्याची लांबी, गुणिले उंबऱ्यावरच्या पाण्याच्या उंचीचा दीड घात (म्हणजे उंची गुणिले तिचं वर्गमूळ), गुणिले १.७. समजा सांडवा १० मीटर लांब आहे आणि पुरात उंबऱ्यावर १ मीटर पाणी चढेल असं धरून तो बांधला आहे. सेकंदाला १७ घनमीटर पाणी निघून जाईल. आता ३० सेंटिमीटरच्या फळ्या टाका. त्याच पातळीला उंबऱ्यावर उरले ७० सेंटिमीटर. तुम्ही म्हणाल, तीस टक्के कमी झालं. दीड घात तसं म्हणत नाही. उत्तर येतं जवळजवळ १०. सतराचे दहा! उरलेले सेकंदाला सात घनमीटर, म्हणजे सात टन पाणी, तलावातच चढत राहणार आणि शेवटी माथा शोधणार. (पूर आला की आपोआप मोडून पडाव्यात अशा रीतीने आखलेल्या फळ्याही असतात. पण त्या कितीला मोडतील हा अभियंत्याचा हिशेब आहे, सुताराचा नाही.)

जाळीची गोष्ट याहून वाईट. पुराचं पाणी एकटं येत नाही. फांद्या, ओंडके, जलपर्णी, गवताचे भारे, सगळं घेऊन येतं. जाळी ते अडवते आणि तासाभरात जाळीची भिंत होते.

हे शंभर वर्षांपूर्वीच जगाला कळलेलं आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात साउथ फोर्क नावाचं मातीचं धरण होतं, सुमारे २२ मीटर उंच. ते बांधलं होतं कालव्यासाठी, पण १८७९ मध्ये ते एका मासेमारी आणि शिकारीच्या क्लबाकडे आलं. पोलादसम्राट अँड्रयू कार्नेगी त्याच्या सभासदांपैकी होते, म्हणजे पैशांची अडचण नव्हती. धरणाच्या पोटातले पाणी सोडण्याचे लोखंडी नळ आधीच्या मालकाने काढून भंगारात विकले होते. क्लबाने ते परत बसवले नाहीत. बग्ग्या सहज जाव्यात म्हणून माथा थोडा खाली घेऊन रुंद केला. आणि महागाचे मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यात जाळ्या बसवल्या. एकेक गोष्ट बघितली तर निरुपद्रवी, तुमच्या फळ्यांसारखीच. ३१ मे १८८९ ला अतिवृष्टी झाली, जाळ्या तुंबल्या, माणसं त्या काढायला धावली, दुसरीकडून चर खणायचा प्रयत्न झाला. दुपारी तीनच्या सुमारास धरण गेलं आणि तासाभरात पाणी २२-२३ किलोमीटरवरच्या जॉन्सटाउन गावात शिरलं. २,२०० हून जास्त माणसं मेली.

माझा स्वतःचा अनुभव याच्या पासंगाला पुरणार नाही, पण जाळी हा शब्द वाचला की मला तो आठवतो. नोकरीचं तिसरं वर्ष. एका लघु तलावाच्या सांडव्यात कोणीतरी मासे धरायला जाळं ताणून ठेवलं होतं. रात्री पाऊस लागला. जलपर्णीचा अख्खा गालिचा वाहत येऊन जाळ्यावर बसला. मी पोचलो तेव्हा पाणी मोजायच्या पट्टीवर दर पाव तासाला चार-पाच सेंटिमीटर चढत होतं आणि माथ्याला उरली होती एक वीत. जाळं सोडवायला मी उंबऱ्यावर उतरणार, एवढ्यात चौकीदाराने दंड धरून मागे ओढलं. बांबूला कोयता बांधला, बाजूच्या भिंतीवर पालथा झाला, स्वतःच्या कमरेचा दोर माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही इथंच उभे राहा, वजन कामाला येईल." शेवटची दोरी तुटली तेव्हा तो गालिचा, जाळं आणि एक अख्खं झाड असं सगळं मिळून एका क्षणात खाली गेलं. मी जिथे उतरणार होतो, तिथूनच.

दोन वर्षं काही झालं नाही, हे तुमचं वाक्य मी बाजूला ठेवतो. सांडवा नेहमीच्या पावसासाठी बांधतच नाहीत. पिढीत एखाद्या वेळी येणाऱ्या पुरासाठी बांधतात. दोन वर्षं ही त्याची परीक्षा नव्हे.

होड्यांचं म्हणाल, तर तरंगता धक्का बांधा. पाणी हटलं की धक्काही त्याच्याबरोबर हटतो. कडेचा गाळ काढता येतो, मात्र बांधाच्या पायथ्यापासून दूर. आणि बांध ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना विचारून.

प्रश्न: बांधाच्या मागच्या उतारावर सावलीसाठी झाडं लावून बाकडी ठेवावीत असा विचार आहे. माती धरून ठेवायला झाडं चांगलीच ना?

डोंगरावर चांगली, बांधावर नाहीत. बांधावर फक्त गवत, तेही कापलेलं. झाड वादळात उन्मळलं की बांधाचा लचका घेऊन पडतं. मेलं तर मुळं कुजतात आणि आत पोकळ नळ्या राहतात. झुडपांच्या आडोशाला घुशी बिळं करतात आणि ओल, भेगा, खचलेला भाग डोळ्यांना दिसत नाही. यातलं शेवटचं मला सगळ्यात वाईट वाटतं. मनगटापेक्षा बारीक रोपं मुळासकट काढा, खड्डा चांगल्या मातीने कुटून भरा. मोठं जुनं झाड असेल तर घाईने उपटू नका, तो खड्डा बांधात फार खोल जातो. जाणकाराला दाखवून, तलावाचं पाणी कमी असताना ते काम करा. बाकडी बांधाच्या दोन टोकांना नैसर्गिक जमिनीवर ठेवा, सावली तिथेच लावा.

प्रश्न: मागच्या बाजूला पायथ्याशी एक जागा कायम ओली असते, आता तिथून बारीक झरा वाहतो. मुलं त्याला 'आपला झरा' म्हणतात. काळजीचं कारण आहे का?

असू शकेल. तलावाचं पाणी मातीतून थोडं झिरपणारच, कोरडाठाक मातीचा बांध मी पाहिलेला नाही. म्हणूनच चांगल्या बांधात मध्ये घट्ट मातीचा गाभा आणि मागे पाझर गोळा करणारी वाळू-खडीची वाट ठेवलेली असते. प्रश्न पाझर आहे का हा नाहीच. तो स्वच्छ आहे का, आणि वाढतोय का, हे दोन प्रश्न आहेत.

दोन्हींची उत्तरं घरच्या साहित्याने मिळतात. झऱ्याला पन्हळ लावून दहा लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. शेजारी तलावाची पातळी आणि गेल्या दोन दिवसांचा पाऊस लिहा. आठवड्यातून एकदा मोजा, पावसाळ्यात रोज. पातळी चढली की पाझर वाढणं स्वाभाविक आहे. पातळी तीच आणि बादली मात्र ८० सेकंदांऐवजी ५० सेकंदांत भरू लागली, तर आत काहीतरी हललं आहे. दुसरं, काचेच्या बरणीत पाणी भरून रात्रभर स्थिर ठेवा. सकाळी तळाशी माती बसलेली दिसली तर हा झरा राहिला नाही, बांध कणाकणाने बाहेर येतो आहे. आत बोगदा पडत जातो, तोही मागून पुढे, तलावाच्या दिशेने. ज्या दिवशी तो तलावाला भिडतो त्या दिवशी बादलीची गरज राहत नाही.

गढूळ पाणी दिसलं तर वेळ थोडा असतो. अमेरिकेतलं टीटन धरण ५ जून १९७६ ला गेलं, तेव्हा सकाळी सातच्या सुमारास गढूळ पाणी दिसलं होतं. भोक बुजवायला पाठवलेले दोन बुलडोझर त्यातच गडप झाले आणि बारा वाजायला तीन मिनिटं असताना ९० मीटरहून उंच धरण फुटलं. लहान बांधाला इतकाही अवधी मिळेल असं गृहीत धरू नका. आधी खालच्या वस्तीला कळवा, मग तलावाची पातळी उतरवायला लागा. आणि भोकात सिमेंट, चिखल, गोणपाट कोंबू नका. पाणी दुसरीकडून फुटेल. पाणी जाऊ द्यायचं आणि माती अडवायची, म्हणून तोंडावर आधी जाड वाळू, वर बारीक खडी, वर दगड असे थर टाकतात. त्याने वेळ मिळतो. तो इलाज नव्हे.

तुमचा झरा बांधातून जाणाऱ्या पाइपाच्या किंवा मोरीच्या आसपास असेल तर दुप्पट लक्ष द्या. तिथे माती नीट कुटली जात नाही आणि सांधे दिसत नाहीत. पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटलं, तेव्हाही बांध आधी खचला तो पाणी सोडण्याच्या मोरीवरच. लहान बांधाचंच उदाहरण हवं तर अमेरिकेतल्या कोलोरॅडोतलं लॉन लेक धरण घ्या. १९०३ मध्ये बांधलेलं, उंची पहिल्या पत्रातल्या बांधासारखीच, सुमारे ८ मीटर. १५ जुलै १९८२ च्या पहाटे ते फुटलं. पाइप आणि झडप यांच्यामधल्या सांध्यातलं शिसं झिजून पाणी मातीत घुसत राहिलं होतं. तिघं मेले. तिघंही सुट्टीला आलेले, ओढ्याकाठी तंबू ठोकून राहिलेले लोक होते. वर बांध आहे हे त्यांच्या मनातही नसणार.

प्रश्न: माझी १२ आणि १५ वर्षांची मुलं पोहायला शिकलेली आहेत. सुट्टीत मित्रांबरोबर तलावावर जातात आणि सांडव्यावरून पाणी पडतं तिथे खेळतात. पाणी गुडघ्याएवढंच आहे, म्हणून मी अडवत नाही. घाबरण्यासारखं काही आहे का?

ताई, अडवा. तलाव बंद करू नका, ती जागा बंद करा.

सांडव्याच्या उंबऱ्यावर शेवाळ असतं. गुडघाभर पाण्याचा वेग दुप्पट झाला की ढकलण्याचा जोर चौपट होतो, त्यामुळे काल उभं राहता आलं म्हणून आज येईल असं नाही. पण खरी भीती खाली आहे. पाणी उंबऱ्यावरून पडतं, तळाशी जातं, थोडं पुढे जाऊन वर येतं आणि त्याचा वरचा थर उलटा फिरून पुन्हा पडणाऱ्या पाण्याकडे येतो. चक्कीसारखं. मी एकदा एक रिकामा प्लास्टिकचा कॅन त्यात ४० मिनिटं फिरताना पाहिला आहे. पडण्याची उंची जेमतेम दीड मीटर होती. त्याच्या जागी माणूस असला तर त्यालाही पाणी असंच खाली दाबतं, वर आणतं, परत ओढतं. वर फेस असतो आणि फेसात निम्मी हवा, त्यामुळे शरीर नेहमीसारखं तरंगत नाही आणि हात मारायला पाणीच सापडत नाही. चांगला पोहणारा इथे हरतो. वाचवायला उडी मारणाराही हरतो, म्हणून मुलांना एवढं पाठ करून ठेवायला सांगा: कोणी अडकलं तर काठावरून दोर, बांबू, रिकामा कॅन फेकायचा, आरडाओरडा करून मोठ्यांना बोलवायचं, आत जायचं नाही.

दुसरी जागा म्हणजे पाणी सोडण्याची विहीर, जिच्या पायऱ्यांवरून मुलांना सूर मारायला आवडतं. खाली पाण्यात पाइपाचं तोंड असतं. झडप उघडी असेल तरी वर भोवरा दिसेलच असं नाही, पाणी शांत दिसतं. पाच मीटर खोलीवर दर चौरस मीटरला पाच टन दाब असतो. ६० सेंटिमीटर व्यासाचं तोंड शरीराने झाकलं गेलं तर धरून ठेवणारा जोर येतो जवळजवळ १,४०० किलोंचा. नुसत्या ३० सेंटिमीटरच्या तोंडालाही साडेतीनशे किलो. चार धट्टेकट्टे लोक वरून ओढून सोडवू शकणार नाहीत. झडप बंद करणं हाच उपाय, आणि झडपेची चावी बहुधा कोणाच्या तरी घरी असते.

तिसरी, बांधाची तलावाकडची दगडी बाजू. या दगडी अस्तराचा, म्हणजे पिचिंगचा, उतार साधारण अडीचास एक असतो. पाच मीटर आत गेलं की खोली दोन मीटर. उतरणं सोपं, पण शेवाळलेल्या दगडांवरून वर येताना पाय ठरत नाही आणि दमलेला माणूस काठाच्या हातभर अंतरावर बुडतो.

मग पोहायचं कुठे? बांधापासून लांब, बाजूच्या काठावर, जिथे तळ कठीण आहे आणि दिसतो. ओढा जिथे तलावात शिरतो ती जागा मात्र नको. दिसायला उथळ, पण ताज्या गाळात पाय मांडीपर्यंत जातो. पोहण्याच्या हद्दीला तरंगत्या डब्यांची दोरी बांधा, आणि सांडव्याच्या बऱ्याच अलीकडे होड्यांसाठी दुसरी. होडीत तरंगजाकीट अंगात असावं, बसायच्या फळीखाली ठेवलेलं चालत नाही. आणि एक मोठं माणूस नुसतं बघायला. बुडणारं मूल ओरडत नाही, तोंड पाण्यावर ठेवण्यातच त्याचा सगळा श्वास जातो. बघणाऱ्याच्या हातात फोन असेल तर तो बघत नाही असं मी धरतो.

प्रश्न: मी रोज सकाळी बांधावरून फिरतो. माझ्यासारख्या सामान्य माणसाला काही लक्षात येण्यासारखं असतं का?

रोज फिरणाऱ्याला जेवढं येतं तेवढं वर्षातून एकदा जीपमधून उतरणाऱ्याला येत नाही. हे मी त्या जीपमध्ये बसलेला माणूस म्हणून सांगतो.

एका टोकाला उभे राहून माथ्याच्या कडेच्या दगडांच्या रांगेवरून नजर टाका, सुतार रंधा मारल्यावर फळीकडे बघतो तशी. रांग मध्ये झुकलेली दिसते का? साउथ फोर्कचा माथा मध्यावरच खचलेला होता, म्हणजे पाणी चढल्यावर ते कुठून जाणार हे आधीच ठरलं होतं. मग मागच्या उतारावर बघा. बांधाला समांतर जाणारी भेग, खाली सरकून फुगलेली माती, उन्हाळ्यातही हिरवंगार राहिलेलं गवताचं एकच बेट. उन्हात वाळून पडलेल्या बारीक भेगांनी घाबरू नका. लांब, सलग, आणि जिची एक बाजू दुसरीपेक्षा खाली बसलेली आहे अशी भेग दिसली तर मात्र चालणं थांबवा. तलाव साफसफाईसाठी किंवा दुरुस्तीसाठी भराभर रिकामा करत असतील त्या दिवसांत आतली बाजूही बघा. पाण्याचा आधार एकदम गेला की भिजलेला उतार घसरतो. मी स्वतः पाणी दिवसाला फूटभरापेक्षा जास्त उतरू देत नसे, आणि त्यावरून शिव्याही खाल्ल्या आहेत.

अमेरिकेतल्या जॉर्जियातला केली बार्न्स बांध, सुमारे १२ मीटर उंचीचा, ६ नोव्हेंबर १९७७ च्या मध्यरात्रीनंतर फुटला आणि ३९ माणसं गेली. नंतरच्या चौकशीत एकच नेमकं कारण ठरवता आलं नाही, पण तिथला मागचा उतार फार उभा होता आणि १९७३ च्या एका फोटोत त्याच उतारावर घसरलेली माती स्पष्ट दिसते. तेव्हा तुम्ही फोटो काढाल तो दर महिन्याला त्याच दगडावर उभं राहून काढा, तारीख घाला, भेगेशेजारी छत्री आडवी ठेवा म्हणजे माप कळेल. आणि तो मला पाठवू नका. मी निवृत्त आहे. बांध ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याकडे लेखी द्या आणि पोच घ्या.